दोन पात्यांची एकच चूक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. मी तिला आक्का म्हणतो. नांदेडकडून किनवटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, किनवटच्या अलीकडे, सागाच्या जंगलातून येणारा रस्ता जिथं रूळ ओलांडतो, तिथल्या फाटकावर ती गेटवुमन आहे. लोक तिला गेटवाल्या बाई म्हणतात.

आमचं घर नायगाव तालुक्यातलं. आईवडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. आक्का दहावी पास झाली तेव्हा तिला जेवढे मार्क होते, तेवढे मला पुढं पडले नाहीत. पण तिचं लग्न झालं. भाऊजी रेल्वेत ट्रॅकमन होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी आक्काला नोकरी लागली. नोकरी लागल्यावर तिनं पहिलं काम हे केलं की मला गावाकडून बोलावून घेतलं. "त्याला हिकडं धाडा, हितं लाईट जात न्हाई," एवढाच तिचा निरोप होता. नववीपासून मी तिच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. नांदेडला इंजिनिअरिंगला लागल्यावर शनिवारी तिच्याकडे यायचो आणि सोमवारी परत जाताना आठवडाभर पुरतील एवढे धपाटे घेऊन जायचो. होस्टेलवरची पोरं सोमवारी माझी वाट बघायची, माझी म्हणजे डब्याची.

आता मी बंगळूरला, विमानं तयार करणाऱ्या एका संस्थेत काम करतो. गावाकडं गेलो की लोक विचारतात, "इमान चालवतोस का मग?" मी उत्तर देईपर्यंत आक्का सांगून टाकते, "चालवत न्हाई तो. पडू देत न्हाई." एवढ्या थोड्या शब्दांत माझं काम मलाही सांगता येत नाही, तरी इथं सांगायला हवं.

विमानाचा पंख हवेत किती कोनात तिरका आहे यावर सगळं अवलंबून असतं. नाक फार वर गेलं की पंखाला हवेचा आधार मिळत नाही आणि विमान खाली येऊ लागतं. तसं होऊ नये म्हणून आमच्या विमानात एक यंत्रणा आहे. कोन धोक्याजवळ पोचला की ती पायलटनं न सांगता नाक खाली दाबते. आता हा कोन तिला कळतो कसा, तर विमानाच्या नाकाजवळ बाहेरच्या बाजूला बोटाएवढं एक पातं असतं. वाऱ्याबरोबर ते फिरतं आणि किती फिरलं ते संगणकाला कळतं. एक पातं डावीकडं, एक उजवीकडं.

पातं बरोबर असेल तर यंत्रणा जीव वाचवते. पातं चुकलं तर तीच यंत्रणा चांगल्या चाललेल्या विमानाचं नाक इमानदारीनं जमिनीकडं दाबत राहते. पातं चुकतंय हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर यंत्रणेला गप्प कसं करायचं, हे ठरवणाऱ्या गटात मी आहे.

मी केलेली रचना साधी होती. दोन पात्यांचे दोन आकडे, आणि तिसरा आकडा संगणकानं स्वतः काढलेला. वेग, वजन, विमानाचा कल यांवरून कोन किती असायला हवा याचा तो अंदाज बांधतो. तिघांत दोघं जे म्हणतील ते खरं धरायचं आणि तिसऱ्याला बाजूला करायचं. मी त्यात आणखी एक गोष्ट घातली होती. बाजूला पडलेला जर संगणकाचा अंदाज असेल, तर पायलटसमोर कोणताही दिवा लावायचा नाही. अंदाज तो अंदाजच, त्यासाठी माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मला वाटलं होतं. बैठकीत सगळ्यांना ते पटलं. मला शाबासकी मिळाली. त्या दिवशी मी आक्काला फोन केला होता हे मला आठवतं.

गेल्या वर्षी ही यंत्रणा चालू ठेवून पहिलं उड्डाण करायचं ठरलं. त्याआधी यंत्रणेचं नाक दाबणं बंद ठेवून, आकड्यांची तुलना मात्र चालू ठेवून, धावपट्टीवर जोरात धावण्याच्या चाचण्या झाल्या. पाती आधीच मोजून बसवलेली होती, आता त्या मोजणीचे कागद तयार झाले. मोजणी करणाऱ्याची एक सही, तपासणाऱ्याची दुसरी आणि रचना करणारा म्हणून तिसरी सही माझी. मी सही केली.

उड्डाणाला दहा दिवस होते. एका दुपारी मी अहवालासाठी दोन्ही पात्यांच्या मोजणीचा आलेख काढत होतो. पडद्यावर एकच रेघ आली. मला वाटलं, चुकून एकच फाईल दोनदा घेतली. पुन्हा काढला. पुन्हा एकच रेघ. मग आकडे समोरासमोर ठेवले. वर-खाली सगळे कोन धरून प्रत्येक आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा होता. दोन पाती इतकी सारखी कधीच नसतात. एकाच साच्यातून काढलेल्या दोन विटासुद्धा इतक्या सारख्या नसतात. उजव्या पात्याचे आकडे मोजलेले नव्हते, डाव्याचे उतरवून घेतलेले होते.

मोजणी करणाऱ्याची सही अण्णांची होती.

अण्णा आमच्या चाचणीशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. लातूर जिल्ह्यातले, उदगीरचे. आमची ओळख कामावर झाली नाही, गाडीत झाली. नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत मी वरच्या बर्थवर बसून आक्काशी फोनवर बोलत होतो. खालून आवाज आला, "काय की बा, हे पोरगं तर आपल्याकडचं निघालं." मग उदगीर येईपर्यंत त्यांनी मला झोपू दिलं नाही. कानडी आणि मराठी ते एकाच वाक्यात बोलतात. बंगळुरात पहिल्या वर्षी मला ताप आला होता तेव्हा अण्णांच्या घरून चार दिवस भाकरी येत होती. त्यांची मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती आणि तिला भेटायला ते जमेल त्या शुक्रवारी गाडी धरायचे. उजव्या पात्याच्या कागदावरचा वार मी पाहिला. शुक्रवार होता.

मी तो आलेख मिटवला आणि कुणाला काही बोललो नाही. पुढचे दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. पात्यांची चाचणी कारखान्यात झालेलीच असते. अण्णा चुकीचं पातं कधी बसवणार नाहीत. आकडे उतरवले असले तरी पातं बरोबरच असणार. आणि मी बोललो तर उड्डाण थांबणार, माझी सही खोटी ठरणार आणि अण्णांची नोकरी जाणार. दुसऱ्या बाजूला त्या विमानात बसणारे पायलट साहेब होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, साठीला आलेले. आमच्या खोलीत आले की आधी चहाची चौकशी करणारे आणि मग कामाची. विमान उतरताना, जमीन जवळ आलेली असताना यंत्रणेनं चुकून नाक दाबलं, तर त्यांना सावरायला जागाच उरणार नव्हती.

तेवढ्यात राखीपौर्णिमा आली. मी दरवर्षी राखीला आक्काकडं जातो, कारण तिला फाटक सोडून येता येत नाही. दोन दिवसांची रजा होती.

मी पोचलो तेव्हा तिची ड्यूटी चालू होती. फाटक लागलेलं होतं आणि दोन्ही बाजूला ऑटो, मोटारसायकली, एक बैलगाडी थांबली होती. एक ऑटोवाला मान बाहेर काढून म्हणाला, "ओ गेटवाल्या बाई, सोडा की. गाडी तर दिसून नाही राहिली."

"तुला दिसली असती तर तू स्टेशनमास्तर झाला असतास," आक्का म्हणाली. "बस गुमान."

"पॅसेंजर हायेत आतमधी."

"म्हणूनच बस म्हनते."

ऑटोतल्या बायका हसल्या. मालगाडी आली. आक्का हिरवी झेंडी धरून उभी राहिली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत चाकांकडं बघत राहिली. मग फाटक उघडलं, केबिनमध्ये येऊन माझ्या हाताला राखी बांधली आणि लगेच म्हणाली, "तोंड का उतरलंय रे बापू?" ती मला बापू म्हणते.

"प्रवास झाला ना."

"प्रवासाचं तोंड मला कळतं. हे ते न्हाई."

मी सगळं सांगितलं. पातं, आलेख, शुक्रवार, अण्णांची भाकरी. मला खात्री होती ती काय म्हणणार याची, कारण असाच एक प्रसंग तिच्यावर आला होता आणि तेव्हा ती कशी वागली ते मी पाहिलं होतं. खरं म्हणजे ते ऐकायलाच मी आलो होतो.

तो प्रसंग असा. गाडी सोडण्याआधी स्टेशनचे मास्तर फाटकावर फोन करतात. गेटवुमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं, मग केबिनमधल्या छापील तक्त्यातला पुढचा आकडा मास्तरांना फोनवर सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर तो वहीत लिहून घेतात आणि मगच सिग्नल देतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की, फाटक मी माझ्या हातानं लावलं आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा तिथं एक जुने मास्तर होते. आक्काला ते मुलीसारखं मानायचे. कापसाच्या हंगामात बाजाराच्या दिवशी फाटकावर फार गर्दी व्हायची, फाटक लावायलाच वेळ लागायचा आणि मास्तर तिकडं फोन धरून बसायचे. मग हळूहळू दोघांत एक सवय पडली. आक्का म्हणायची, "मामा, नंबर लिहून घ्या, मी लावूनच राहिले फाटक." आणि ते घ्यायचे. ती लावणारच, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना तिच्या शब्दावर संशय घ्यायचा नव्हता आणि तिला त्यांना ताटकळत ठेवायचं नव्हतं. एकमेकांचा मान राखता राखता त्या नंबरात काही उरलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी नंबर दिल्यावर कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रुळावरच अडकली. आक्का लाल झेंडी घेऊन रुळातून गाडीच्या दिशेनं धावली, रुळावर लावायचे फटाके लावले, ते वाजले आणि गाडी लांबच थांबली. ट्रॉली ओढून काढली, गाडी गेली. कुणाला खरचटलंही नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिनं तपासणीला आलेल्या साहेबांना आपण होऊन सांगितलं की नंबर मी आधी दिला होता. तिला शिक्षा झाली. मास्तरांचीही बदली झाली.

तेव्हा मी तिला विचारलं होतं, "काही झालंच नव्हतं, तर कशाला सांगितलंस?" ती म्हणाली होती, "झाल्यावर कोण इचारतंय."

म्हणून त्या दिवशी केबिनमध्ये मला वाटलं, ती म्हणेल, जा आणि सांगून टाक. तिनं हिरवी झेंडी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "त्या अण्णाला ठाऊक हाय का, तुला कळलंय म्हणून?"

"नाही."

"मग आधी त्याला सांग."

"त्यांना सांगून काय होणार आक्का? सांगायचं तर आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगावं लागेल."

"मॅडमला सांगायचंच हाय. ते मी न्हाई म्हणून नाही राहिले. पण आधी त्याला." ती टेबलावरचा तक्ता उगीच सरळ करत होती. "मास्तर मामाला मी सांगितलं नव्हतं. सायबाला सांगून टाकलं आणि मोकळी झाले. मामाला ते सायबाच्या तोंडून कळलं. शिक्षेचं त्यांना काय वाटलं नाही. जाताना एवढंच बोलले, 'पोरी, एक फोन करायचास की. रोज तर करायचीस.' ते माझ्या मनातून जात न्हाई."

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी तो प्रसंग तिच्या हिमतीचा म्हणून मित्रांना सांगत आलो होतो.

"अण्णा चिडले तर?"

"चिडल. माणूस हाय. तू काय त्याला हार घालायला चाललास का?" मग फोन वाजला आणि ती उठली. उठताना म्हणाली, "आणि काय झालं ते मला लिहून पाठव. फोनवर तू नुसतं 'बरं आहे, बरं आहे' करतोस."

बंगळूरला परतल्यावर मी सकाळीच चाचणीशाळेत गेलो. अण्णा एका पाइपाचं झाकण आवळत होते. मी म्हणालो, "अण्णा, दोन मिनिटं बोलायचं होतं." ते म्हणाले, "राखी बांधून आलास, साडी दिलीस की नाही बहिणीला? नाहीतर नुसताच गिळून आला असशील." मी हसलो नाही म्हणून त्यांनी पाना खाली ठेवला.

मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला. एकच रेघ. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

"कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"उपकार केलास की."

"अण्णा, तसं नाही..."

"मग कसं? सही करताना तू काय झोपला होतास?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच मला जड जात होतं. "गाडी होती माझी. डावं पातं मोजायला सगळा दिवस गेला. उजवं तीन ठिकाणी बघितलं, तिन्ही ठिकाणी डाव्यासारखंच आलं. म्हटलं, सारखंच आहे, लिहून टाकू. पोरगी तिकडं लातूरला रडून राहिली होती, मला घरी न्या म्हणून. तुला काय कळणार त्यातलं."

मी म्हणालो, "आज आपण दोघं मिळून उजवं पुन्हा मोजू. मग मी मॅडमकडं जाईन. तुम्ही बरोबर या, नाहीतर नका येऊ. पण मी जाणार."

त्यांनी आलेखाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "त्या जिगवर नको. दुसरं काहीतरी आणू."

पाती मोजण्यासाठी आमच्याकडं एक लोखंडी साचा आहे. त्याला जिग म्हणतात. पातं त्यात अडकवायचं आणि ठरलेल्या कोनात फिरवून आकडा लिहायचा. अण्णांना जिगचा संशय आला होता असं नाही. त्यांना बहुधा पुन्हा त्या जिगपुढं उभं राहायचं नव्हतं. शेजारच्या विभागातून आम्ही कोन मोजायचं दुसरं यंत्र मागून आणलं, विमानाला मचाण लावलं आणि उजवं पातं जागेवरच मोजलं. ते जवळजवळ अडीच अंश चुकत होतं. अण्णांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता डावं." मी म्हणालो, "डावं तर तुम्ही नीट मोजलंय." ते म्हणाले, "मोज म्हणतो ना."

डावंही अडीच अंश चुकत होतं. त्याच बाजूला.

चूक जिगमध्ये होती. पातं ज्या खिळीवर टेकतं ती खिळी कधीतरी बदललेली होती आणि नवी थोडी बारीक होती. तिच्यावर जे काही मोजाल ते सारखंच चुकणार होतं. अण्णांनी त्या शुक्रवारी उजवं पातं दिवसभर बसून इमानानं मोजलं असतं, तरी रेघा जवळपास एकच आल्या असत्या आणि मला कधीच शंका आली नसती.

मी जागेवर गेलो आणि धावपट्टीवरच्या चाचण्यांची नोंद उघडली. प्रत्येक वेळी विमानानं वेग घेतला की संगणकाचा अंदाज दोन्ही पात्यांहून वेगळा आकडा सांगत होता. बरोबर आकडा. आणि प्रत्येक वेळी माझ्या रचनेनं त्याला दोनास एक म्हणून बाजूला काढलं होतं. दिवा लागला नव्हता, कारण तो लावायचा नाही हे मीच ठरवलं होतं. एकाच साच्यावर बसवलेल्या दोन पात्यांना मी दोन वेगवेगळे साक्षीदार समजलो होतो. अण्णांनी आकडे उतरवले ही चूक होती. पण माझी चूक कागदावर दिसतही नव्हती आणि तिच्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

दुपारी आम्ही दोघं मॅडमकडं गेलो.  पायलट साहेबही तिथंच होते. अण्णांनी आधी सांगितलं, उभं राहून, तीन वाक्यांत; त्यात मुलीची परीक्षाही आली. मग मी माझं सांगितलं आणि म्हणालो की माझी सही मी मागं घेतो. मॅडमनी पेन बंद केलं. त्यांना वर काय काय उत्तरं द्यावी लागणार होती याची मला कल्पना होती. पायलट साहेबांनी एकच विचारलं, "उतरताना हे झालं असतं तर मला किती वेळ मिळाला असता?"

मी म्हणालो, "दोन सेकंद. फार तर तीन."

त्यांनी मान हलवली. नंतर अण्णांकडं वळून म्हणाले, "मुलीची परीक्षा कधी आहे?" 

उड्डाण पुढं गेलं. नवी रचना करायला आम्हाला पावणेतीन महिने लागले. दोन्ही पाती आता एका जिगवर बसवत नाहीत आणि एकच माणूस ती मोजत नाही. दोन्ही मिळूनही ती तिसऱ्याला, म्हणजे अंदाजाला, आपोआप गप्प करू शकत नाहीत. अंदाज आणि पाती थोडा वेळ सतत वेगळं बोलत राहिली, तर यंत्रणा स्वतः बाजूला होते, दिवा लागतो आणि विमान पायलटच्या हातात राहतं. सगळं ठीक असतानाही यंत्रणा नाक एका वेळी थोडंच दाबू शकते, पायलटचा हात तिच्यापेक्षा जड राहील इतकंच. हे सगळं मी एकट्यानं केलं नाही, आठ जणांचं काम आहे. उड्डाण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आक्काला लिहिलं. ते पत्र असं:

आक्का, नमस्कार.

तू लिहून पाठव म्हणाली होतीस. मधे फोनवर मी 'बरं आहे' म्हणत राहिलो, कारण सांगण्यासारखं काही ठरलं नव्हतं. काल ठरलं.

काल विमान उडालं. फार उंचावर गेल्यावर साहेबांनी ठरल्याप्रमाणे एक बटण दाबलं. त्या बटणानं दोन्ही पात्यांच्या आकड्यांत मुद्दाम चूक घातली जाते. पहिल्यासारखीच, दोन्हीकडं सारखी. मी खाली पडद्यासमोर बसलो होतो. पाती एक सांगत होती, अंदाज दुसरं. यंत्रणा बाजूला झाली आणि दिवा लागला. नाक खाली गेलं नाही. साहेब रेडिओवर म्हणाले, "दिवा दिसला, विमान माझ्याकडे आहे." मग त्यांनी ते स्वतःच्या हातानं उतरवलं आणि खाली आल्यावर चहा मागितला.

आता जे फोनवर खोटं सांगितलं ते लिहितो. अण्णा चिडले का, असं तू विचारलं होतंस आणि मी नाही म्हणालो होतो. ते चिडले होते. मॅडमकडून बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू बरोबर केलंस, पण आता माझ्या घरी जेवायला येऊ नकोस." त्यांची नोकरी गेली नाही. कागदावर सही करायचा त्यांचा हक्क वर्षभरासाठी काढून घेतला आणि पहिले दोन महिने त्यांना भांडारात बसवलं. या वयात त्यांना ते फार लागलं. एवढ्या दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी शुक्रवारच्या गाडीनं येणं टाळलं ते त्यामुळं, कामामुळं नाही.

आणखी एक. त्या सकाळी मी चाचणीशाळेच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो होतो. आज अण्णा रजेवर असले तर बरं, असं मनात आलं होतं. ते रजेवर असते तर मी सरळ मॅडमकडं गेलो असतो आणि तुला सांगितलं असतं की ते भेटलेच नाहीत. हे तुला माहीत असावं.

काल विमान उतरताना अण्णा धावपट्टीच्या कडेला माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. चाकं टेकली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. विमान थांबल्यावर मात्र जवळ आले आणि म्हणाले, "उजवं पातं परत कोण मोजणार आहे?" मी म्हणालो, ज्यांना सही करता येते त्यांतला कुणीतरी. ते म्हणाले, "मी शेजारी उभा राहीन. त्या पोरांना पातं धरायचं कसं ते कळत नाही." उड्डाणानंतर पाती पुन्हा मोजावी लागतात, ती मोजणी सोमवारी आहे. ते येणार आहेत.

तुझा धाकटा